पेटीतला पावसाळा

झाडावर राहणारे टॅरॅन्टुला कोळी पाळायचे म्हटल्यावर नवा माणूस आधी खाण्याची आणि उबेची काळजी करतो. माझ्या पाहण्यातले बहुतेक मृत्यू मात्र कोंदट हवेने झालेले आहेत. प्लास्टिकचा बंद डबा, झाकणाला चार भोकं, आत रोज फवारलेलं पाणी आणि भिंतींवर जमलेलं बाष्प. ते पाहून माणसाला वाटतं, ॲमेझॉनचं जंगलच उभं केलं. नखाएवढं पिल्लू त्यात काही दिवस बरं दिसतं आणि एके सकाळी पाय पोटाखाली दुमडून तळाशी पडलेलं सापडतं.

आमच्या शहरातला एक विद्यार्थी असाच डबा घेऊन माझ्याकडे आला होता. गुलाबी पावलांच्या एविक्युलारियाची त्याची दोन पिल्लं गेली होती आणि तिसरं मलूल होतं. सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. मी डब्याचं झाकण काढून त्याला वास घ्यायला लावला. आतून ओल्या पोतेऱ्यासारखा वास येत होता. टॅरॅन्टुलाची फुप्फुसं पातळ पानांच्या चळतीसारखी असतात आणि आपल्यासारखी छाती फुलवून हवा ओढून घेण्याची सोय त्यांच्याकडे नसते. हवा स्वतः हलली पाहिजे. आम्ही दुसरा डबा घेतला, समोरासमोरच्या दोन बाजूंना बारीक भोकांच्या ओळी पाडल्या, एका कोपऱ्यात पाण्याची छोटी वाटी ठेवली आणि रोजची फवारणी बंद केली. ते पिल्लू जगलं. आज ती पूर्ण वाढलेली मादी आहे आणि तो विद्यार्थी आता इतरांचे डबे उघडून वास घेतो.

मी मूळची आजऱ्याकडची. लग्नानंतर इंग्लंडला आले. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पाळ्यांची नोकरी करते आणि घराच्या मागच्या खोलीत बरीच वर्षं हे कोळी पाळते, त्यांची पैदास करते. या देशात टॅरॅन्टुला ठेवायला परवाना लागत नाही. १९७६ च्या धोकादायक वन्य प्राण्यांच्या कायद्यात काही विषारी कोळी आहेत, टॅरॅन्टुला नाहीत. त्यामुळे दुकानातून कोणीही उठून एक विकत आणू शकतो. जबाबदारीचं सगळं ओझं मग पाळणाऱ्यावरच येतं आणि ते किती जड आहे हे त्याला फार उशिरा कळतं.

सुरुवात बहुतेकांची एविक्युलारियापासून होते. या वंशाच्या नावातच पक्षी आहे, म्हणून लोक हमखास विचारतात, ‘हा खरंच पक्षी खातो का?’ मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार आणि निसर्गअभ्यासक १६९९ मध्ये सुरिनामला गेली. तिने १७०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर गुंजनपक्षी खाणारा कोळी रंगवला. तिच्या या चित्रावर पुढे कितीतरी वर्षं विद्वान लोक अविश्वास दाखवत राहिले. लिनेयस या निसर्गशास्त्रज्ञाने मात्र १७५८ मध्ये या कोळ्याचं नाव त्याच गोष्टीवरून ठेवलं. माझ्या खोलीतल्या एविक्युलारिया रातकिडे आणि झुरळं खातात. मोठा रातकिडा अंगावर आला तर आधी मागे सरतात. घाबरल्या तर उडी मारतात, नाहीतर मागचा भाग वळवून विष्ठेची पिचकारी मारतात, तीही नेम धरून. पिल्लांचे पाय गुलाबी आणि पावलं काळी असतात. वाढता वाढता ते उलटं होतं, अंग काळं पडतं आणि पावलांची टोकं गुलाबी उरतात. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरची त्यांची नातेवाईक व्हर्सिकलर तर पिल्लू असताना निळीभोर असते आणि मोठी होईपर्यंत हिरवी-लाल-जांभळी होऊन जाते. प्रत्येक कातीबरोबर थोडा थोडा रंग बदलतो. ते पाहायला मिळावं म्हणूनच कितीतरी जण या नादाला लागतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

मी मात्र खरी अडकले ती आपल्याकडच्या कोळ्यांत. पेसिलोथेरिया हा वंश फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडतो. पाळणारे त्यांना लाडाने ‘पोकी’ म्हणतात. त्यातला रेगॅलिस सह्याद्रीतही राहतो. जुन्या झाडांच्या ढोलीत, सुटलेल्या सालीखाली. वरून पाहिलं तर राखाडी, काळ्या-पांढऱ्या नक्षीचा, अगदी सालीसारखा. पण त्याला डिवचलं की पुढचे पाय उंचावतो आणि पायांच्या आतल्या बाजूचा पिवळाजर्द रंग एकदम समोर येतो. माझ्या पहिल्या रेगॅलिस मादीने तो मला दाखवला तेव्हा मी चिमटा खाली ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. आजऱ्याच्या आसपासच्या रानात मी लहानपणी हिंडले होते. ऐन, जांभळाच्या ढोल्यांत हात घालू नये, असं आजी बजावायची. तिने कारण कधी सांगितलं नव्हतं. ते कारण मला इथे, हजारो मैलांवर, काचेच्या पेटीत भेटलं असं मला तेव्हा वाटलं. आजीच्या मनात बहुधा साप असावा, पण म्हणून काय झालं.

पोकी हातावर घ्यायचा नसतो. अमेरिका खंडातल्या बहुतेक टॅरॅन्टुलांकडे खाज आणणारे केस असतात, शत्रू जवळ आला की ते केस त्यांच्या कामी येतात. पोकीकडे ते नाहीत. त्याच्याकडे वेग आणि विष आहे. पायांच्या टोकांना दाट केसांच्या रुंद गाद्या असतात, त्यामुळे काचेवरून तो सरळ वर जातो आणि कुठे गेला हे कळायच्या आत पेटीबाहेर असतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना पेटी साफ करताना पोकी चावला. बोटाची सूज दुसऱ्या दिवशी ओसरली. त्यानंतर मात्र मांडीला, पाठीला, छातीला पेटके येऊ लागले आणि ते कमी-जास्त होत आठवड्याहून अधिक टिकले. हा एकट्याचा अनुभव नाही. २०१४ मध्ये टॉक्सिकॉन या नियतकालिकात पेसिलोथेरियाच्या दंशांचा आढावा आला होता आणि त्यातही पेटक्यांचीच नोंद ठळक होती. माणूस दगावल्याची नोंद नाही, पण दुखणं खरं आहे. ते गृहस्थ स्वतःच सांगत, ‘त्याने मला इशारा दिला होता, दोनदा.’ माझ्या मते या प्राण्याशी वागण्याचा सगळा शिष्टाचार या एका वाक्यात येतो.

म्हणून पेटी बदलायची असेल तर मी ती दिवसा, कोळी सुस्त असताना, रिकाम्या बाथटबमध्ये ठेवून बदलते. पातळ ब्रशने मागच्या पायांना हलकेच स्पर्श करायचा आणि समोर उघडा डबा धरायचा. तो गेला तर गेला, नाही गेला तर त्या दिवशी पेटी बदलायची नाही. घाई फक्त माणसाला असते. घरी कोणी पाहुणे आले की ‘हातावर घेऊन दाखव ना’ म्हणतात. मी नाही म्हणते. काहींना राग येतो. आपण ज्याला जीव लावतो त्याने आपल्याला ओळखावं, अशी माणसाची साधी अपेक्षा असते आणि कोळी ती कधीच पूर्ण करत नाही. वर्षानुवर्षं खायला घातलं तरी माझा हात त्याच्या लेखी हवेची एक हालचाल आहे. हे मला आधी टोचायचं. आता त्यातच एक मोकळेपण वाटतं. त्याने माझ्यासाठी काहीही करायचं नाही. त्याला वारा, आडोसा, पाणी आणि अंधार मिळाला की माझं काम झालं.

कात टाकण्याची वेळ सगळ्यात नाजूक. कोळी खाणं बंद करतो, रंग मळकट होतो, बुचाच्या सालीमागे जाळ्याचा जाड पडदा विणून आत बसतो. याच काळात काळजीपोटी लोक आत जिवंत रातकिडा टाकतात आणि तोच रातकिडा कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतो. कात टाकल्यावर सुळेसुद्धा पांढरे आणि मऊ असतात. ते काळे, टणक होईपर्यंत खायला द्यायचं नाही. प्रौढ पोकीच्या बाबतीत मी निदान दोन आठवडे थांबते.

टाकलेली कात मी जपून ठेवते. सुकलेली कात पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून भिजवायची, पोटाचा भाग ब्रशच्या टोकाने उलगडायचा आणि भिंगाखाली पुढच्या फुप्फुसांच्या मधली जागा बघायची. मादी असेल तर तिथे शुक्रपिशवी दिसते. जिवंत प्राण्याला बोटही न लावता तो नर आहे की मादी हे असं कळतं. प्रयोगशाळेत दिवसभर काचपट्ट्या पाहणाऱ्या मला हे काम फार जवळचं वाटतं.

नराची गोष्ट वेगळी. शेवटची कात टाकली की तो एकदम बदलतो. पाय लांब, अंग बारीक, तोंडाजवळच्या दोन आखूड पायांच्या टोकांना फुगीर गोंड्यासारखे अवयव. तो एक खास जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि त्या गोंड्यांत भरून घेतो. मग रात्रभर पेटीत येरझाऱ्या घालतो. त्याच्या हातात आता फार तर वर्ष-दीड वर्ष उरलेलं असतं, बऱ्याचदा त्याहून कमी. मादी मात्र दहा-बारा वर्षं जगू शकते. अंड्यांच्या एकाच पोटलीतले नर बहिणींच्या बरेच आधी वयात येतात, त्यामुळे बहुतेकदा मादी तयार होईपर्यंत तिचे भाऊ मेलेले असतात. म्हणून पाळणाऱ्यांमध्ये नर उसना देण्याची पद्धत आहे. वीण यशस्वी झाली की पिल्लं निम्मी-निम्मी. हायवेवरच्या हॉटेलाच्या पार्किंगमध्ये थर्माकोलची खोकी हातात घेऊन मी कितीतरी अनोळखी माणसांना भेटले आहे. एक ट्रकचालक, एक निवृत्त शिक्षिका, एक अबोल तरुण. त्यांच्याशी पाच मिनिटांत जेवढं मोकळं बोलणं झालं तेवढं शेजाऱ्यांशी कित्येक वर्षांत झालेलं नाही.

भेट बघण्यासारखी असते. नर पायांनी सालीवर टपटप करतो. मादी तयार असेल तर आतून तशाच टपटपीने उत्तर देते. मग तो हळूहळू पुढे सरकतो, तिला पुढच्या पायांनी थोपवून धरतो, काही क्षणांत काम उरकतं आणि तो पळतो. पोकीच्या माद्या त्या मानाने सहनशील, नर पुष्कळदा जिवंत परततो. पण खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

माझ्या एका रेगॅलिस मादीची वीण दृष्टीसमोर झाली. ती भरपूर खाऊ लागली, पोट फुगलं, सालीमागे पडदा विणून बसली. मी खूश होते. काही आठवड्यांनी पडदा फाटला आणि बाहेर ढकललेली कात दिसली. मादी कात टाकते तेव्हा शुक्रपिशवीचं अस्तरसुद्धा कातीबरोबर बाहेर येतं आणि आत साठवलेलं सगळं वाया जातं. उसना नर तोवर मेला होता. एक आख्खं वर्ष हातातून गेलं. त्या रात्री मी ती कात भिजवून भिंगाखाली पाहिली. सगळं नीट होतं. तिच्यात काही कमी नव्हतं. मग काय चुकलं, याचा विचार करताना मला पहिल्यांदा ऋतू आठवले.

इथल्या घरात हीटर चालू असतो. बारा महिने एकच तापमान, एकच ओलावा. त्या मादीच्या आज्या-पणज्या ज्या झाडात राहिल्या तिथे असं नसतं. तिथे दिवाळीनंतर रान सुकत जातं, पौष-माघात रात्री थंड होतात, चैत्र-वैशाखात ढोलीतली ओल पार संपते आणि मग मृगाचा पाऊस येतो. पावसाबरोबर किडे येतात. पिल्लांना खायला मिळायचं तर ती तेव्हाच बाहेर पडायला हवीत. हे मी घाटमाथ्यावर वाढलेली बाई जन्मापासून जाणत होते. आमच्याकडे पेरणीपासून लग्नकार्यापर्यंत सगळं पावसाच्या हिशेबानेच चालायचं. युरोपातले जाणते पैदासकारही कोरडा काळ आणि मग ओल असंच करायला सांगतात. त्यांच्या लिखाणात तो एक उपाय असतो. मला मात्र त्यामागचा महिना आणि मातीचा वास माहीत होता.

पुढच्या वेळी मी वीण शरदात लावली. नोव्हेंबरपासून फवारणी थांबवली, फक्त पाण्याची वाटी भरलेली ठेवली. पेटी घराच्या थंड बाजूला, वीस अंशांच्या आसपास नेली. खाणं कमी केलं. फेब्रुवारीच्या शेवटी ती पुन्हा उबेत आणली, नारळाचा भुसा एका बाजूने भरपूर भिजवला, सालीवरून पाणी ओघळू दिलं आणि रातकिडे वाढवले. बाजूंची भोकं उघडीच ठेवली, कारण पाऊस आला म्हणून वारा थांबत नाही. काही दिवसांनी तिने सालीमागे पडदा विणला आणि एके रात्री टॉर्चच्या लाल उजेडात मला तिच्या पायांमध्ये धरलेली मळकट पांढरी पोटली दिसली. लाल उजेडात कोळी फारसा बिचकत नाही.

बहुतेक पैदासकार महिनाभराने पोटली काढून घेतात, कापतात आणि अंडी जाळीवर ठेवून उबवतात. मादी घाबरली तर पोटली खाऊन टाकते, ही त्यांची भीती खरी आहे. मीही काही वेळा तसं केलं आहे. त्यात सगळे टप्पे डोळ्यांनी दिसतात. आधी पिवळसर अंडी, मग त्यांना पाय फुटतात, मग हालचाल न करणारी पांढरी बाळं, मग आणखी एका कातीनंतर काळसर ठिपक्यांची चपळ पिल्लं. सगळं मिळून दीड-दोन महिने. पण त्या मादीची पोटली मी काढली नाही. पोकीची आई पिल्लांबरोबर राहते. रानातही ढोलीत आई आणि पिल्लं एकत्र सापडतात. तिचं तिला करू द्यावं असं मला वाटलं. पिल्लं बाहेर पडली तेव्हा रात्री ती सालीच्या दोन्ही बाजूंनी, आईच्या पाठीवरून, पायांमधून फिरत होती आणि आई हलत नव्हती. ज्या प्राण्याच्या समोर रातकिडा हलला की क्षणात झडप पडते, तो आपल्या अंगावर चढलेली शंभरेक पिल्लं सोसतो. आठवडे उलटले तरी मी रोज कामावरून आल्यावर आधी त्या पेटीसमोर बसायचे.

पैदासकारासाठी यानंतरचा भाग सगळ्यात अवघड. शंभर पिल्लं वेगळ्या डब्यांत, उडता न येणाऱ्या फळमाश्यांवर आणि रातकिड्यांच्या तुकड्यांवर वाढवायची आणि मग घरं शोधायची. मी विकत घेणाऱ्याला डब्याचा फोटो मागते. भोकं समोरासमोर नसतील तर पिल्लू देत नाही. संकर कधीच करत नाही, संशयित रक्ताचा नर कितीही देखणा असला तरी. पोकीच्या जाती एकमेकींशी जुळतात आणि त्या संकराची पिल्लं एकदा लोकांच्या पेट्यांत गेली की मूळ जात कोणती होती हे कोणालाच सांगता येत नाही.

मूळ जात शुद्ध राखणं आपल्याकडच्या कोळ्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचं आहे. मेटॅलिका हा गडद निळा पोकी पाहिला नाही असा पाळणारा सापडणार नाही. त्याचं वर्णन रेजिनाल्ड पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये केलं. नमुना आंध्रातल्या गुत्तीच्या रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडला होता. त्यानंतर शतकभर तो पुन्हा कोणाला दिसला नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो गुत्तीपासून दूर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात सापडला. २००८ मध्ये तो अतिधोक्यात असलेल्या जातींच्या यादीत गेला. त्याचा सारा प्रदेश शंभर चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि तिथली झाडं लाकडासाठी तुटतात. इकडे युरोपातल्या पेट्यांत मात्र तो सर्रास दिसतो. माझ्याकडची मादी इथेच जन्मली, तिची आजीही इथलीच. तरी मुळाशी कधीतरी कोणीतरी रानातल्या झाडाची साल उचकटून कोळी काढला आहेच, हे मी विसरत नाही. २०१९ मध्ये जिनिव्हातल्या परिषदेत पेसिलोथेरियाचा सगळा वंश साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. आंतरराष्ट्रीय व्यापारावर त्यामुळे कागदांचं बंधन आलं. काही पाळणारे कुरकुरले. मला ते आवश्यक वाटलं आणि अजूनही वाटतं. पेट्यांतल्या कोळ्यांमुळे रानातले वाचतात असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पेटीतला मेटॅलिका गिद्दलूरच्या झाडात परत जाणार नाही. तिथली ढोल शाबूत राहिली तरच तिथला कोळी राहील.

पुण्या-कोल्हापुराकडच्या तरुणांचे मला अधूनमधून निरोप येतात. ‘ताई, आमच्या शेताकडच्या झाडात मोठा कोळी आहे, पकडून पाळू का?’ मी सगळ्यांना एकच सांगते की तो काढू नका, रात्री लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन लांबून बघा आणि तारीख-वेळ लिहून ठेवा. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो. घाटमाथ्यावरच्या एका मुलाने मात्र ते मनावर घेतलं. त्याच्या चुलत्यांच्या बांधावर जुनं, अर्धं वाळलेलं जांभूळ होतं. पोकळ झाड म्हणून जळणासाठी तेच आधी तोडायचं ठरलं होतं. मुलाने पावसाळाभर नोंदी ठेवल्या आणि एका रात्री चुलत्यांना बरोबर नेऊन ढोलीच्या तोंडाशी बसलेली मादी दाखवली. चुलत्यांनी झाड ठेवलं. यंदा मृगानंतर त्याचा पुन्हा निरोप आला की ढोलीत मादी आहे, पण गेल्या वर्षीचीच का, हे कसं ओळखायचं? नुसतं बघून ते सांगता येत नाही. झाडाखाली पडलेली कात मिळाली तर ती उचलायला हरकत नाही, निदान आत राहणारी मादीच आहे हे तरी नक्की कळेल. काती ताडून पाहायच्या असतील तर दरवर्षीच्या जमवाव्या लागतील. ती भिजवायची कशी आणि भिंगाखाली काय बघायचं, हे मी त्याला चित्र काढून पाठवलं आहे.